लक्षणे आढळली नाहीत

सिंधु लातुरात कसली नोकरी करते हे गावात कुणाला नीट सांगता यायचं नाही. घरी विचारलं तर ती सोपं करून सांगायची, "लोकं फोनवर जे बोलतेत ते ऐकायचं, आन् ते खूश हायत का नाराज हायत, एवढं लिवायचं." तिचे सासरे शेषेराव हे ऐकून दर वेळी हसायचे. "ह्याचा पगार देतेत व्हय? आपल्या गावात तर हे काम समदे फुकट करायलेत."

हसायचे, पण तिला नोकरीला पाठवायचा हट्ट त्यांचाच. सिंधुचं माहेर नांदेडचं. मराठी घेऊन बी.ए. झालेली. चाकूरजवळच्या गावात शेतकऱ्याच्या घरी पडली तेव्हा सासूबाई तारामती म्हणाल्या होत्या की रोज एसटीनं जाऊन-येऊन नोकरी करणारी सून आपल्याकडं कुणाचीच नाही. शेषेराव म्हणाले, "मंग आपली पहिली." तेव्हापासून रोज सकाळी ते तिला मोपेडवर बसवून चाकूरच्या स्टँडवर सोडायचे. रस्त्यात बोलायचे ते बहुतेक बैलांबद्दल. देवणी बैलाचं त्यांना वेड होतं. शेतात ट्रॅक्टर आला तरी गोठ्यात एक जोडी ठेवलीच होती, आणि कुणाची जोडी विकायला निघाली की कामधाम सोडून बघायला जायचे. घ्यायचे नाहीत, नुसतं बघून यायचे.

सिंधुचं ऑफिस कोचिंग क्लासच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या दोन मजल्यांवर डॉक्टर व्हायला निघालेली पोरं दिवसभर प्रश्न सोडवायची आणि वर सिंधु आणि तिच्यासारखे काही जण कानाला हेडफोन लावून बसायचे. तपासणी शिबिरांत आणि दवाखान्यांत जाऊन आलेल्या लोकांना नंतर फोन जायचा. फोनवर बोलणारी बाई खरी नव्हती, कॉम्प्युटरचा आवाज होता. लोकांनी दिलेली उत्तरं मात्र खरी. त्यांचे तुकडे करून, नावगाव काढून, ते या लोकांच्या पडद्यावर यायचे. प्रत्येक तुकड्यापुढं तीन शब्द: समाधानी, नाराज, तटस्थ. एकावर बोट ठेवायचं. एकच तुकडा तिघांना ऐकवायचे, तिघांचं जुळलं तर तो पुढं जायचा. असे ढीगभर तुकडे ऐकून कॉम्प्युटर शिकणार होता की माणूस कधी खूश असतो आणि कधी नसतो. मग पुढं माणसांची गरज लागणार नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नव्हतं.

कंपनीच्या पुण्यातल्या लोकांना हे काम जमलं नव्हतं. त्यांना इकडचं 'बरं हाय' कळायचं नाही. इकडं पाय मोडून पडलेला माणूससुद्धा बरं हाय म्हणतो. सिंधुला ते कळायचं. होकाराचं 'हाव' किती लांबवलं, 'काय बोलावं आता' म्हणताना मधे थांबला का, 'डॉक्टर लई चांगले' म्हणताना जोर 'लई'वर होता का 'डॉक्टर'वर, एवढ्यावरून ती बोट ठेवायची आणि दुसऱ्या दोघांशी तिचं बहुतेक जुळायचं. गटाची प्रमुख अक्षरा, उदगीरची मुलगी, वयानं सिंधुहून लहान. ती नव्या लोकांना सिंधुशेजारी बसवायची.

दिवाळीच्या आधीपासून शेषेरावांना खोकला होता. थंडी वाढली तसा तोही वाढला. चाकूरला क्षयरोगाच्या तपासणीची गाडी आली तेव्हा सिंधुनं सुट्टी टाकली आणि त्यांना घेऊन गेली. ते तयार नव्हते. "खोकला तर बैलालाबी येतो," म्हणाले. पण गेले.

एक छोटं यंत्र, कॅमेऱ्याएवढं, तिपाईवर बसवलेलं. शेषेरावांनी सदरा काढला, छाती पाटीला टेकवली, श्वास धरला. तपासणाऱ्या बाईनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. छातीचा फोटो लगेच आला होता आणि आजाराची खूण म्हणून मशीन दाखवतं तसा लाल डाग त्यावर कुठंही नव्हता.

"डॉक्टर कुठायत?" शेषेरावांनी विचारलं.

"फोटो आधी मशीनच बघतं, बाबा. काही निघालं तरच डॉक्टरकडं जातं. तुमचं काही निघालं नाही. पण खोकला राहिलाच तर दवाखान्यात दाखवा बरं का."

नाव नोंदवताना सासऱ्यांच्या नंबराबरोबर सिंधुनं आपलाही दिला होता; गाडीतून उतरेपर्यंत तिच्या मोबाइलवर निरोप आला, सोबत तो फोटोही. 'क्षयरोगाची लक्षणे आढळली नाहीत.' तिनं तो वाचला आणि सासऱ्यांना सांगितलं, "काही न्हाई निघालं, मामा." शेषेरावांनी स्टँडसमोर गरम भजी घेतली. तिच्यासाठी, घरच्यांसाठी आणि रस्त्यात खायला वेगळी.

काही दिवसांनी ऑफिसात हेडफोनमधून त्यांचाच आवाज आला. "मशीन म्हनलं काही न्हाई. लई बरं वाटलं माय. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या." सिंधु आधी दचकली, मग तोंडावर हात ठेवून हसली. ओळखीचा आवाज आला तर तुकडा सोडून द्यायचा असा नियम होता. तिनं सोडला नाही. 'समाधानी'वर बोट ठेवलं आणि संध्याकाळी घरी सगळ्यांना सांगितलं. नवरा वैजनाथ म्हणाला, "तुझा पगार बाबानंच वसूल करून दिला." त्या रात्री जेवताना सगळे हसले. शेषेरावांना हसता हसता ठसका लागला, तारामतींनी पाणी दिलं.

खोकला गेला नाही. आवाज बसला, सदरे ढिले झाले. पण घरात कुणाला काळजी वाटली नाही, कारण तपासणी झाली होती. शेजारचे व्यंकटी काका म्हणाले की थंडी उतरली की उतरेल. थंडी उतरली. मग एके दिवशी तारामतींना त्यांच्या टॉवेलवर रक्त दिसलं.

नांदेडला न्यायचं ठरलं, कारण तिथं सिंधुच्या भावाचं घर होतं, राहायची सोय होती. सीटी स्कॅन झालं. फोटो बघणारे डॉक्टर मृत्युंजय बिरादार उदगीरकडचे होते, त्यांनी वैजनाथ आणि सिंधुला आत बोलावलं. खोलीत अंधार करून पडदे उजळलेले. डॉक्टरांनी पेनच्या टोकानं दाखवलं. डाव्या फुफ्फुसात, खालच्या बाजूला, हृदयाच्या मागं गाठ होती. मोठी होती. तिथून यकृतात गेली होती.

"तपासणी केली होती," वैजनाथ म्हणाला. "चाकूरला. फोटो काढला होता. मशीन म्हनली काही न्हाई."

सिंधुच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. डॉक्टरांनी तो पडद्यावर घेतला आणि पुष्कळ वेळ बघितला.

"आता मला माहीत आहे म्हणून दिसतंय," ते म्हणाले. "ही हृदयाची सावली. तिच्या आतल्या बाजूला हा भाग किंचित पांढरा आहे. तुम्हाला दिसणार नाही. त्या दिवशी शंभर फोटोंच्या गर्दीत हा माझ्यापुढं आला असता तर मी पकडला असता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही."

"म्हंजी मशीन आंधळी हाय."

"आंधळी नाही. टीबी माझ्यापेक्षा लवकर पकडते. न थकता पकडते. तिला टीबीच शोधायला शिकवलंय. तिनं एवढंच सांगितलं की टीबीची लक्षणं नाहीत. ते खरं होतं, त्यांना टीबी नाहीच."

वैजनाथनं सिंधुकडं बघितलं. रागानं नव्हे. ती काही बोलेल म्हणून बघितलं, कारण घरात शिकलेली तीच होती. सिंधु पडद्याकडं बघत होती. तिला निरोपातले शब्द आठवत होते आणि आपण ते घरी काय म्हणून सांगितले तेही आठवत होतं. काहीतरी आत येऊन आदळणार आहे असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली. काही आदळलं नाही.

"इथं चहा कुठं मिळतो?" तिनं विचारलं. "मामांनी सकाळपासून काही घेतलं न्हाई."

त्या दिवसापासून तिचं असंच झालं. बसून बसून पाय बधिर होतो, टेकवला तर जमीन लागते पण आपली वाटत नाही, तसं. कामं सगळी व्हायची. किमोसाठी नांदेडच्या फेऱ्या, कागदपत्रं, भावाकडचे डबे, परत येऊन ऑफिस. शेषेरावांना गाडी लागायची, म्हणून ती पिशवी घेऊन त्यांच्या बाजूला बसायची. ते ओकले की तोंड पुसायची आणि खिडकीबाहेर बघायची. हरभऱ्याची काढणी चालली होती. ते दिसायचं आणि मागं जायचं. मोपेडवर आता वैजनाथ तिला सोडायचा. तो रस्त्यानं काही बोलायचा नाही.

शेषेरावांना खरं काय ते सांगितलं होतं. त्यांनीच विचारलं होतं. सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "बरं." नंतर एकदा सिंधुला म्हणाले, "तू उगं तोंड पाडू नकोस." तिनं तोंड पाडलेलं नव्हतं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि ते त्यांना तसं दिसलं असावं.

हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. कामं होत होती ना. लक्षात आलं ते ऑफिसात, आणि तेही माणसाच्या आधी कॉम्प्युटरच्या.

अक्षरानं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. समोर आलेख होता. "सिंधुताई, बसा. हे तुमचं काम आहे, मागच्या काही आठवड्यांचं. बाकी दोघांशी तुमचं जुळणं एकदम खाली आलंय. सिस्टिमनं लाल करून दाखवलं, म्हणून मी उघडून बघितलं. तुम्ही जवळजवळ सगळंच तटस्थ करायलात."

"तसंच असंल."

"हे ऐका," अक्षरानं एक तुकडा लावला. एका बाईचा आवाज, रडत, हसत, शब्द एकमेकांत अडकलेले. पोरगं वाचलं माझं, डॉक्टर देवावानी धावले, काय सांगू तुमाला. तुकडा संपला. "हे तुम्ही तटस्थ केलंय."

सिंधुनं विचार केला. तिला खरोखर विचार करावा लागला. "पोरगं वाचलं असं तिनं सांगितलं," ती म्हणाली. "माहिती दिली."

अक्षरानं पडदा बंद केला. "ताई, घरी काय झालंय?"

"सासऱ्याला कॅन्सर हाय. नांदेडला नेतो." लातूरची गाडी किती वाजता आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

अक्षराचे डोळे भरले. सिंधुला ते दिसलं आणि हे काय म्हणून नोंदवायचं असं तिच्या मनात येऊन गेलं. अक्षरानं धीर देणारं काही म्हटलं नाही. डोळे पुसून ती कामाचं बोलली. "दुसरं एक काम आलंय. फोटोचं. छातीच्या एक्स-रेवर फुफ्फुसाची आणि हृदयाची कड आखायची. आजार ओळखायचा नाही, ते डॉक्टर करतात. आपण नुसती कड आखायची, म्हणजे मशीनला कळतं कुठलं काय आहे. काही दिवस ते घेता का?"

"घेते."

मग ती दिवसभर कडा आखायची. कुणाकुणाच्या छाती. नावं नाहीत, वय नाही. बाईची का बाप्याची एवढं कळायचं, कधी गळ्यातलं काढायचं राहिलेलं असलं की मंगळसूत्राचे मणी दिसायचे. उजवं फुफ्फुस, डावं फुफ्फुस, मधे तिरकं बसलेलं हृदय. माऊस धरून ठिपके टाकत जायचं, शेवटचा ठिपका पहिल्याला जुळवायचा. हृदयाच्या आत बघायचं नसायचं. हे काम तिला सोसलं. कुणी काही बोलत नव्हतं.

किमोनं फरक पडला नाही. पुढच्या फेरीला नांदेडला गेले तेव्हा शेषेराव स्वतःच म्हणाले की आता पुरे, घरी न्या. डॉक्टर बिरादारांचा त्या औषधाशी संबंध नव्हता, पण ते मुद्दाम वॉर्डात आले. खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "काका, एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी चालेल. तुमचा चाकूरचा फोटो आणि इथलं स्कॅन, दोन्ही शिकवणीसाठी द्यायची परवानगी पाहिजे. हृदयामागच्या गाठी मशीनला दिसत नाहीत. शिकवायला असेच फोटो लागतात, आधी सुटलेले आणि नंतर सापडलेले. जमवायला लागलोय."

"माझं नाव येतंय का त्याच्यात?"

"नाही. नाव काढून टाकतात."

"नाव राहू द्या म्हनलं तर?"

डॉक्टर हसले. "तसा नियम नाही, काका."

शेषेरावांनी डोळे मिटले. बोलायला दम लागायचा, म्हणून ते आधी साठवून घ्यायचे. "माझा फोटो दिला तर पुढच्या माणसाचं दिसंल?"

"एकट्या तुमच्यानं नाही दिसणार. हजारो लागतील."

"म्हंजी हजार लोकायला असंच व्हावं लागतंय. मंग मशीन शिकणार."

वैजनाथ खिडकीकडं वळला. डॉक्टर हळू म्हणाले, "झालेलंच आहे हो काका. नवीन कुणाला व्हायची गरज नाही. झालेलं नुसतं गोळा करायचंय."

"आसं व्हय." शेषेरावांनी हात पुढं केला, कागदासाठी. सही त्यांनी सावकाश केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सिंधुनं कागदाखाली पुठ्ठा धरला होता. कागद डॉक्टरांना देताना ते म्हणाले, "जाऊ द्या मंग लोकायच्या कामाला." डॉक्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. सिंधुनं पेनला टोपण लावलं.

उन्हाळ्यात, सकाळी, घरीच ते गेले. तारामती त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. सिंधु चुलीवरचं पाणी उतरवत होती. आतून सासूबाईंची हाक ऐकू आली आणि तिला कळलं. तिनं पाणी आधी नीट खाली ठेवलं.

घर भरलं. सिंधुनं चहा केला, सतरंज्या काढल्या, भावाला फोन केला, ऑफिसला कळवलं. बायका रडत होत्या. तारामती अंग टाकून रडत होत्या. सिंधु मधून मधून त्यांना पाणी पाजत होती. भावकीतली मल्लम्मा कोपऱ्यात कुणाला तरी म्हणाली ते तिला ऐकू आलं, "एवढं लेकीवानी केलं त्यायनं, आन् सूनबाईच्या डोळ्यात टिपूस न्हाई." सिंधुला वाईट वाटलं नाही. ते बरोबर होतं. तिनं रडून बघितलंही, न्हाणीत जाऊन, तोंडावर पदर धरून. आलं नाही. तोंड धुऊन ती परत आली.

दहावा झाला, तेरावा झाला. माणसं गेली. शेषेरावांचा जुना बटणांचा मोबाइल देवळीत ठेवलेला होता. तारामती तो चार्ज करायला सांगायच्या. का, ते कुणी विचारलं नाही. एका रविवारी दुपारी तो वाजला. सिंधु अंगणात वाळवण सारखं करत होती. ती आत येईपर्यंत तारामतींनी फोन उचलला होता.

फोनमधला आवाज मोठा होता, दारापर्यंत ऐकू यायचा. नमस्कार, आपण शिबिरात छातीची तपासणी केली होती, आता आपली तब्येत कशी आहे, कृपया बोला. सिंधुनं तो आवाज लगेच ओळखला. या आवाजाला मिळालेली उत्तरं ऐकत तिची दोन वर्षं गेली होती.

"तब्येत व्हय?" तारामती म्हणाल्या. "माय, ते गेले की."

फोन गप्प होता.

"उन्हाळ्याच्या तोंडाला गेले. तुला कसं कळावं म्हणा. सकाळच्याला गेले, लई तरास न्हाई झाला शेवटच्याला. आधी झाला. भाकर जायची न्हाई, नुसतं ताक. एकदा ताकात मीठ जास्त पडलं तर चिडले माझ्यावर. मला बरं वाटलं, म्हनलं, चिडायलेत म्हंजी जीव हाय. त्याच्यानंतर काही चिडले न्हाईत." त्या थांबल्या. नाक ओढलं. "बैल इकू नका म्हनलेत. पोरगं म्हणतंय ठेवूत. पण त्यायला बोलायला कुणी न्हाई आता. ते रोज बोलायचे त्यायच्याशी. माझ्याशी न्हाई बोलायचे एवढं. मला राग यायचा, बैलाशी बोलतेत म्हणून. आता गोठ्यात जावं वाटत न्हाई."

सिंधु दारात उभी होती. पुढं होऊन फोन घ्यावा, सांगावं, असं तिला वाटलं. ती हलली नाही. तारामती बोलत राहिल्या, लग्नातलं काही, कुठल्याशा जत्रेतलं काही. मग फोनमधून आवाज आला. धन्यवाद, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आणि फोन बंद झाला.

तारामतींनी तो पदरानं पुसून देवळीत ठेवला. सिंधुला बघून म्हणाल्या, "दवाखान्यातली पोरगी व्हती. लई गुणाची. एकदाबी मधी बोलली न्हाई. आपल्याकडं येणारे तर समदे आपलंच सांगत बसतेत."

"हाव," सिंधु म्हणाली.

त्या दिवशी किंवा नंतर तिनं सासूबाईंना खरं सांगितलं नाही. ऑफिसात अक्षराला मात्र सांगितलं. अक्षरा म्हणाली, "तो तुकडा आपल्याकडंच आला असेल. कुणाकडं गेला, त्यांनी काय केलं, मला बघता येतं. बघू का?"

"नको," सिंधु म्हणाली. मग म्हणाली, "पण दुसरं एक हाय." आणि मग तिनं त्या निरोपाबद्दल सांगितलं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लक्षणे आढळली नाहीत, असं येतं. ते आपल्याकडं कुणीच तसं वाचत नाही. काही नाही, असंच वाचतात. मी मराठी घेऊन शिकले, दिवसभर हेच करते, आणि मीही तसंच वाचलं. निरोपात पुढं आणखी एक ओळ पाहिजे.

अक्षरानं पुण्याच्या लोकांशी बोलताना ते काढलं. आधी उत्तर आलं की निरोपाची भाषा ठरलेली असते, बदलता येत नाही. अक्षरानं पुन्हा काढलं. चाकूर भागातल्या लोकांच्या उत्तरांचे तुकडे जोडून पाठवले, त्यात कितीतरी जण म्हणत होते, मशीन म्हनलं काही न्हाई. पेरण्यांच्या सुमारास निरोप बदलला. 'ही तपासणी फक्त क्षयरोगासाठी आहे. खोकला थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा.' अक्षरानं हसत येऊन मोबाइल तिच्यापुढं धरला. सिंधुनं तो दोनदा वाचला. "चांगलं झालं," ती म्हणाली, आणि अर्धी राहिलेली कड पुरी करायला वळली.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी ती नेहमीसारखी लातूरहून नांदेड गाडीत बसली. खिडकी मिळाली होती. चाकूरचं स्टँड आलं. तिनं स्टँड बघितलं, पाटी वाचली, उतरणारी माणसं बघितली. आपण उतरायचं आहे हे तिला माहीत होतं. ती बसून राहिली. गाडी निघाली. कंडक्टर मागं मोजत आला तेव्हा म्हणाला, "बाई, चाकूर गेलं की." तिनं अहमदपूरचं तिकीट काढलं.

अहमदपूरच्या स्टँडवर उतरून तिनं वैजनाथला फोन केला. "मी अहमदपूरला हाय," एवढंच म्हणाली. तो "का?" म्हणाला, आणि मग "थांब" म्हणाला.

तो आला तेव्हा स्टँडवरचे दिवे लागले होते. मोपेड उभी करून, डोक्याचं ओलं फडकं काढून तो तिच्या बाजूला बाकावर बसला. दोन चहा सांगितले. तो चिडेल असं तिला वाटलं होतं.

"झोप लागली व्हती का?"

"न्हाई. जागी व्हते. उतरायचं झालंच न्हाई."

वैजनाथनं मान हलवली. चहा आला. तो फुंकर घालून प्यायला लागला.

"नदीकडच्या तुकड्यात सोयाबीन दाट उगवलंय, तू बघितलं न्हाईस," तो म्हणाला. "एकाच सरीत मी दोनदा पेरलं. पूर्ण सरी. परत फिरलो, आन् तीच सरी धरली. उगवल्यावर कळलं."

"दुसरी सरी?"

"मोकळीच हाय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. तो समोर उभ्या लाल गाडीकडं बघत होता. त्याचं तोंड तिच्यासारखंच होतं, हे तिला आता दिसलं. कितीक दिवस ते तसं होतं, आणि ते तिच्याही लक्षात आलं नव्हतं.

"बोलला न्हाईत," ती म्हणाली.

"काय बोलायचं त्याच्यात."

चहा संपला. त्यानं कप ठेवले, पैसे दिले. गाडीवर बसताना ती नेहमी मागं कडी धरून बसायची. त्या दिवशी तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सदरा भिजलेला होता, गार होता. चाकूरच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं एकदा विचारलं, "आईला काय सांगायचं, उशीर का झाला?"

"सांगूत, गाडी बंद पडली व्हती."

"बरं."